डोळ्यांत बघून खोटं कळतं का? जवळच्या माणसाची फसवणूक उघड होते ती वेगळ्याच वाटेनं

२३ जून २०२४ रोजी लातूरच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात चौघांविरुद्ध गुन्हा दाखल झाला. तक्रार नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाची होती. ‘नीट’ परीक्षेत गुण वाढवून देण्याचं आमिष दाखवून पालकांकडून पैसे घेतले जात होते, असा आरोप होता. अटक झालेल्यांत जिल्हा परिषद शाळांचे दोन शिक्षक होते. पुढे तपास सीबीआयकडे गेला. आरोप कितपत खरे, हा न्यायालयाचा विषय आहे.

पण त्या प्रकरणातल्या दोन गोष्टी परीक्षेच्या पलीकडच्या आहेत. एक म्हणजे, संशय ज्यांच्यावर आला ते परके नव्हते. लातूरमध्ये मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून पोरं येऊन खोली घेऊन राहतात, क्लास लावतात. उदगीर-कंधारकडून आलेल्या बापासाठी या शहरात सगळ्यात भरवशाचा माणूस कोण, तर ‘सर’. आणि दुसरी गोष्ट, बोभाटा झाला तो कुणी कुणाच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखले म्हणून नव्हे. मोबाइलमध्ये परीक्षार्थींची हॉलतिकिटं सापडल्याचं तेव्हा तपासातून समोर आलं.

नवरा-बायको, भाऊ-भाऊ, दोस्त, सोयरे, व्यवहारातले भागीदार. रोजच्या नात्यांतली फसवणूकही अगदी अशीच असते. ती करणारा माणूस ओळखीचाच असतो आणि उघडी पडते ती दुसऱ्याच कुठल्यातरी वस्तूमुळे किंवा माणसामुळे. तरीही ‘माझ्या डोळ्यांत बघून सांग’ हीच परीक्षा घरोघरी घेतली जाते. ती किती कामाची, यावर गेली चाळीसेक वर्षं जगभर अभ्यास सुरू आहे. निष्कर्ष आपल्या समजुतीला धक्का देणारे आहेत.

नजर चुकवली म्हणजे खोटं?

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५८ देशांतल्या लोकांना एकच प्रश्न विचारला गेला: समोरचा खोटं बोलतोय हे तुम्ही कशावरून ओळखता? देश बदलला, भाषा बदलली, तरी सर्वाधिक लोकांचं उत्तर एकच आलं. तो नजर चुकवतो. आपल्याकडेही ‘नजरेला नजर देत नाही’ हा वाक्प्रचार त्याच समजुतीतून आलेला आहे.

त्याच वर्षी चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तोवरच्या दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. चोवीस हजारांहून जास्त लोकांनी समोरच्याचं बोलणं ऐकून ‘खरं’ की ‘खोटं’ ते सांगितलं होतं. बरोबर उत्तरांचं प्रमाण निघालं सरासरी ५४ टक्के. नाणं उडवून ५० टक्के मिळतात. म्हणजे आयुष्यभर माणसं ओळखण्याच्या अनुभवातून आपल्या पदरात पडतात ते वरचे चार. त्यातही खऱ्याला खरं ओळखण्याचं प्रमाण ६१ टक्के होतं आणि खोट्याला खोटं म्हणून पकडण्याचं ४७. खोटं ऐकलं की निम्म्याहून अधिक वेळा माणूस ते खरं मानून पुढे जातो.

डीपाउलो यांच्याच २००३ सालच्या दुसऱ्या अभ्यासात खोटं बोलण्याच्या १५८ संभाव्य खुणा तपासल्या गेल्या. नजर, पापण्यांची उघडझाप, आवाज, हातवारे, चुळबुळ असं सगळं त्यात होतं. यातल्या बऱ्याच खुणांचा खोटेपणाशी संबंधच सापडला नाही. ज्यांचा सापडला, तो फारच पुसट होता. घाबरलेला खरा माणूस आणि निर्ढावलेला खोटा माणूस समोरासमोर बसवले, तर चुळबुळ बहुधा खराच जास्त करेल. घरात ‘तू चोरी केलीस का’ म्हणून उभं केलेलं पोर, निर्दोष असलं तरी, जमिनीकडेच बघतं. आपल्याकडे तर मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं हा अदबीचा भाग मानला जातो. सुनेनं सासऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलावं, अशी अपेक्षा किती घरांत असते? मग तीच खाली गेलेली नजर उद्या पुरावा कशी धरायची?

यंत्राचीही हीच गत आहे. पॉलिग्राफ यंत्र खोटं मोजत नाही. नाडीचे ठोके, श्वास आणि घाम मोजतं. नार्को चाचणी, ब्रेन मॅपिंग आणि पॉलिग्राफ संमतीशिवाय कुणावरही लादता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०१० रोजी दिला आहे. चेहरा बघून खोटं पकडणाऱ्या मोबाइल अ‍ॅपबद्दल तर बोलायलाच नको.

मग खोटं उघड होतं कसं?

२००२ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी हा प्रश्न उलटा केला. प्रयोगशाळेत खोटं ओळखायला लावण्याऐवजी त्यांनी सुमारे दोनशे विद्यार्थ्यांना विचारलं, तुमच्या आयुष्यात कुणाचं खोटं खरोखर पकडलं गेलं तेव्हा ते कसं पकडलं? उत्तरं अगदी गावाकडची वाटावीत अशी होती. कुणीतरी तिसऱ्यानं सांगितलं. काहीतरी वस्तू, पावती, चिठ्ठी सापडली. किंवा खोटं बोलणाऱ्यानंच शेवटी कबूल केलं. बोलत असतानाच केवळ हावभावावरून पकडलं, असं सांगणारे शंभरात दोन-तीनच्या आसपास निघाले. शिवाय बहुतेक खोटं त्याच दिवशी उघड झालं नव्हतं, त्यात वेळ गेला होता.

या गटातले एक संशोधक टिमोथी लेव्हिन यांनी पुढे त्यावर सिद्धांतच मांडला. माणूस मुळात ऐकलेलं खरं धरून चालतो. ही भोळसटपणाची खूण नाही, त्यावाचून जगणंच शक्य नाही. गंजगोलाईत भाजी घेताना, आडतीवर सोयाबीनचं माप होताना, रिक्षात बसताना प्रत्येक वाक्य तपासायचं म्हटलं तर दिवस मावळेल.

नातं जितकं जवळचं, तितका हा भरवसा दाट होतो. १९८६ सालीच स्टीव्हन मॅककॉर्नॅक आणि माल्कम पार्क्स यांनी दाखवून दिलं होतं की जोडीदाराची ओळख वाढते तसा ‘मला याचं खोटं लगेच कळतं’ हा आत्मविश्वास वाढतो. पण त्याचबरोबर त्याला खरंच मानण्याची ओढही वाढते आणि ओळखण्याची क्षमता उलट कमी होते. ‘मी त्याला नखशिखांत ओळखते’ असं म्हणणारी बायको आणि ‘माझा भाऊ असं करूच शकत नाही’ म्हणणारा भाऊ या दोघांचीही अडचण इथे आहे. जवळच्यांशी माणूस किरकोळ खोटं कमी बोलतो, हेही अभ्यासांत दिसलं आहे. पण आयुष्य उलटंपालटं करणारी गंभीर खोटी बोलणी मात्र बहुतेकदा जवळच्याच माणसाशी होतात.

याच विषयात एक उपयोगी प्रयोग स्वीडनमध्ये झाला. पोलीस प्रशिक्षणार्थींना दोन गटांत विभागलं. एका गटाला शिकवलं, की हातात असलेला पुरावा लगेच समोर टाकू नका. आधी समोरच्याला त्याची पूर्ण हकीकत सांगू द्या, मग पुराव्याशी ती ताडून बघा. दुसऱ्या गटाला असं काही शिकवलं नाही. न शिकवलेल्या गटाचे निर्णय ५६ टक्के बरोबर आले, शिकवलेल्या गटाचे ८५ टक्के. घरातल्या भांडणात नेमकं उलटं होतं. बँकेचा मेसेज दिसला की तो नाचवतच पहिलं वाक्य सुरू होतं, ‘हे चाळीस हजार कुणाला दिलेस?’ समोरचा तेवढ्यापुरती गोष्ट रचतो आणि तीही पटते. ‘या महिन्याचा हिशेब सांग की’ असं सहज विचारून ऐकून घेतलं असतं, तर चाळीस हजार त्यात आपोआप आले असते किंवा आले नसते.

‘घरातल्या घरात कसला कागद?’

तिसरा माणूस, वस्तू आणि वेळ. खोटं उघड करणाऱ्या या तीन गोष्टी. मराठवाड्यातल्या व्यवहारांत नेमक्या याच तीन गोष्टींना नात्याच्या नावाखाली दार बंद केलं जातं.

समजा, निलंग्याच्या एका शिक्षकाकडे त्याचा मेहुणा येतो. ‘दाजी, पतसंस्थेत एक सही पाहिजे. नावापुरतीच.’ कर्ज किती, आधीचं किती थकलंय, दुसरा जामीनदार कोण, हे विचारावं असं दाजीच्या मनात येतं. पण बायको शेजारी उभी असते. विचारलं तर तिच्या माहेरावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. सही होते. कायद्याच्या लेखी ‘नावापुरता जामीनदार’ असा प्रकारच नाही. भारतीय करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि संस्थेनं आधी कर्जदाराच्याच मागे लागावं, असंही बंधन नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला की नोटीस दोघांनाही येते.

यात मेहुणा खोटं बोलला का? कदाचित नाही. हप्ते भरायचेच असं त्यानंही ठरवलं असेल. फसवणूक सुरू होते ती त्यानं आधीचं कर्ज सांगितलं नाही तिथं. रोजच्या नात्यांतली बहुतेक फसवणूक अशी न बोललेल्या गोष्टींत असते आणि जे बोललंच गेलं नाही त्याचा हावभाव तरी कुठून दिसणार? कर्जदाराचा क्रेडिट रिपोर्ट त्याला स्वतःला वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो दाखव म्हणणं एवढा एकच उपाय दाजीच्या हातात होता. दाखवायला खळखळ झाली असती, तर तेही एक उत्तरच होतं.

हातउसन्या पैशांचंही असंच. दोस्ताला दिलेल्या पैशांचा कागद मागणं कमीपणाचं वाटतं. पण साधारणपणे तीन वर्षांत दावा केला नाही तर मुदत संपते, हे फार थोड्यांना माहीत असतं. ‘अमुक रक्कम देणं आहे’ असं मुदतीच्या आत सहीनिशी लिहून दिलं तर मुदत नव्यानं सुरू होते. ‘पुढच्या सुगीला देतो’ हे वाक्य तीन सुग्या चाललं, की मैत्रीही जाते आणि दावाही.

जमिनीत हे सगळं अधिक खोल जातं. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ सालीच दिला, देशभर तो २००५ मध्ये आला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावरचा संभ्रम दूर केला. तरी बाप वारला की तेराव्यानंतर बहिणीला तहसीलला किंवा निबंधक कार्यालयात नेऊन ‘इथं सही कर, वारसाची नोंद लावायचीय’ म्हणत हक्कसोड पत्रावर सही घेतल्याच्या तक्रारी वकिलांकडे येतच असतात. वारस नोंद आणि हक्कसोड या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीनं नाव लागतं, दुसरीनं जातं. कागद वाचायला घरी नेऊ का, एवढंही बहीण म्हणू शकत नाही, कारण दिवाळीला, पंचमीला याच दारात यायचं असतं.

मराठवाड्याला इथं आणखी एक जुनं दुखणं आहे. निजामाच्या काळातले अनेक महसुली कागद उर्दूत आहेत. १९४८ नंतरच्या पिढ्यांना ते वाचता येईनात आणि भावकीत ज्याला वाचता येतं, त्याच्या तोंडून जे निघेल ते प्रमाण, अशी वेळ आली. आता परिस्थिती निदान नव्या नोंदींपुरती बदलली आहे. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मोबाइलवर निघतो. फेरफार प्रमाणित होण्याआधी हितसंबंधितांना नोटीस काढून हरकतीसाठी १५ दिवस द्यावे लागतात. पुण्याला किंवा हैदराबादला कामाला गेलेल्या भावाला गावातल्या भावाचा चेहरा वाचायची गरज नाही. वर्षातून दोनदा सातबारा आणि आठ-अ काढून बघितला तरी पुष्कळ झालं.

आणि मग पतसंस्था. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे व्यवहार २०२३ च्या अखेरीस ठप्प झाले आणि मराठवाड्यातल्या लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले. अंमलबजावणी संचालनालयाच्या म्हणण्यानुसार, १२ ते १४ टक्के व्याजाच्या आमिषानं ठेवी घेतल्या गेल्या आणि पैसा कर्जाच्या नावाखाली संचालकांशी संबंधित उद्योगसमूहाकडे वळवला गेला. त्याचे खटले चालू आहेत.

अशा संस्थांत ठेवी येतात त्या जाहिरातीपेक्षा ओळखीतून. गल्लीतला एजंट, बायकोची मावसबहीण, निवृत्त झालेले हेडमास्तर सांगतात, ‘मी स्वतः ठेवलेत की.’ आणि ते खरंच सांगत असतात. त्यांनी स्वतःचेही ठेवलेले असतात, त्यांचेही बुडतात. त्यांच्या डोळ्यांत कितीही रोखून बघा, खोटं सापडणार नाही, कारण ते खोटं बोलतच नसतात. खोटं दोन-तीन पायऱ्या वर असतं आणि खरी माणसं ते प्रामाणिकपणे खाली वाहून आणतात. चेहऱ्यावरून पारख करण्याची रीत सर्वात मोठ्या फसवणुकीत सर्वात आधी निकामी होते, ती यामुळे. इथं विचारायचा प्रश्न माणसाबद्दलचा नसतोच. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या आणि मल्टिस्टेट पतसंस्थेतल्या ठेवींना तो लागू नाही. हे वाक्य हेडमास्तरांनाही कुणी सांगितलेलं नसतं.

सोयरीक जुळवताना

लग्न ठरवताना एकेकाळी फसवणूक कमी होती, असं म्हणायला आधार नाही. पण ती लपवणं अवघड होतं. मध्यस्थ दोन्हीकडचा असायचा, त्याला दोन्ही गावांत तोंड दाखवायचं असायचं. आता स्थळ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बायोडाटा होऊन येतं आणि मुलगा ‘पुण्यात कंपनीत’ असतो. कंपनीत कायम आहे की ठेकेदाराकडे, खोली कुणाबरोबर आहे, आधीचं लग्न मोडलं आहे का, कर्ज किती, हे विचारणारा तिसरा माणूसच मधून गळाला आहे.

उलट बाजूनंही हेच होतं. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही म्हणून दलालाच्या हाती लाख-दोन लाख देऊन परजिल्ह्यातलं स्थळ आणायचं आणि आठवड्याभरात नवरी दागिन्यांसह गायब, अशा तक्रारी राज्यभर नोंदल्या जातात. अशा लग्नांच्या बातम्या वाचताना एक गोष्ट हटकून दिसते, ती म्हणजे घाई. मुलीकडचं घर बघितलेलं नसतं, कागदपत्रं ‘नंतर देऊ’ असतात आणि मुहूर्त परवाचा असतो. वेळ मिळू नये, याची तजवीज आधीच केलेली असते. बायोडाट्यातली वाक्यं पारखत बसण्यापेक्षा ‘आम्हाला महिनाभर लागेल’ एवढं सांगून गप्प बसणं अधिक उपयोगाचं. खरं स्थळ महिनाभर थांबतं. कागद म्हणून विवाह नोंदणीचा आग्रहही आधीच धरावा.

महत्त्वाची गोष्ट लपवून लग्नाला संमती मिळवली असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली विवाह रद्द करून मागता येतो. पण फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि कळल्यानंतरही राजीखुशीनं एकत्र राहिलं तर हा मार्ग बंद होतो. ‘बघू, सुधारेल’ म्हणत दोन वर्षं काढणाऱ्या मुलींना हे फार उशिरा कळतं. पहिलं लग्न लपवून दुसरं करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. पाळायचंच नसलेलं लग्नाचं वचन देऊन शरीरसंबंध ठेवल्यास त्याच संहितेचं कलम ६९ लागू होतं. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आहे.

मोबाइल उघडून बघावा का?

नवरा-बायकोच्या नात्यात संशय आला की पहिला हात जातो मोबाइलकडे. पासवर्ड बदलला, फोन पालथा ठेवायला लागला, रात्री बाहेर जाऊन बोलतो, अशा खुणांच्या याद्या समाजमाध्यमांवर ढिगानं मिळतात. त्यांचा दोष असा, की त्यांतली प्रत्येक खूण दहा वेगळ्या कारणांनी दिसू शकते. कर्जाच्या वसुलीचे फोन, ऑनलाइन गेमवर हरलेले पैसे, नोकरी गेल्याचं लपवणं, मनाचा आजार. माणूस काहीतरी लपवतोय हे खरं असू शकतं, पण काय लपवतोय हे त्यावरून कळत नाही. विवाहबाह्य संबंधांचा संशय घेऊन सुरू झालेली भांडणं चौकशीअंती कर्जाच्या अ‍ॅपपाशी येऊन थांबावीत, यात नवल नाही.

कायद्याची बाजू अनेकांच्या डोक्यात जुनीच आहे. व्यभिचार हा गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१८ रोजी घटनाबाह्य ठरवलं. त्यामुळे ‘पोलिसांत देतो’ या धमकीत आता अर्थ नाही. घटस्फोटासाठी मात्र ते कारण आजही चालतं. पती-पत्नीचं चोरून केलेलं फोन रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येईल, असा निकाल १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिला. त्याचा अर्थ ‘हेरगिरीला परवानगी’ असा काढणाऱ्यांनी निकालाचा दुसरा भाग वाचलेला नसतो. पती-पत्नी एकमेकांवर पाळत ठेवण्यापर्यंत आले असतील, तर तेच नातं मोडल्याचं लक्षण आहे, असं त्याच निकालात म्हटलं आहे. दुसऱ्याच्या फोनमध्ये गुपचूप पाळत ठेवणारं अ‍ॅप टाकणं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेत बसू शकतं.

या सगळ्यात एक बाजू कमी बोलली जाते. संशय खोटा असतो तेव्हा काय होतं? आकड्यांकडे परत बघितलं तर खऱ्या बोलण्यालाही माणसं दहातल्या चार वेळा खोटं ठरवतात. हा ‘चार’ ज्याच्या वाट्याला येतो, त्याला आपण खरे आहोत हे सिद्ध करायची कुठलीच सोय नसते. नजर दिली तर निर्लज्ज, खाली घातली तर अपराधी. आणि तो वाटा बहुधा बाईच्या पदरात पडतो. नवऱ्याचा फोन तपासणारी बायको आणि बायकोचा फोन तपासणारा नवरा यांत कागदोपत्री फरक नाही, पण पहिलीला शिव्या बसतात आणि दुसऱ्याच्या बाजूनं भावकी उभी राहते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना विचारले जाणारे काही प्रश्न असे आहेत: दुसऱ्या पुरुषाशी बोलल्यावर नवरा चिडतो का, बाहेरख्यालीपणाचा आरोप सारखा करतो का, मैत्रिणींना भेटू देत नाही का, पैशाच्या बाबतीत विश्वास ठेवत नाही का. सर्वेक्षण या गोष्टी ‘प्रेमापोटी’ या सदरात धरत नाही. ती नवऱ्याच्या नियंत्रणाची लक्षणं म्हणून मोजतं, आणि मारहाणीचे प्रश्न त्याच भागात पुढे येतात. २००३ साली महाराष्ट्रातल्याच एका दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की पत्नीच्या चारित्र्यावर बिनबुडाचे आरोप करणं हीच मानसिक क्रूरता आहे. म्हणजे बेइमानीचा आरोप सिद्ध करता आला नाही, तर घटस्फोटाचं कारण आरोप करणाऱ्याच्या विरोधात तयार होतं.

ज्याला खरोखर लपवायचं असतं, त्याचं एक वागणं मात्र लक्षात घेण्यासारखं आहे. साध्या प्रश्नाचं तो भांडण करतो. ‘पगार किती जमा झाला?’ याला उत्तर म्हणून आकडा येत नाही. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असा प्रतिप्रश्न येतो. हा पुरावा नव्हे, एखादा दुखावलेला माणूसही असं बोलेल. पण दुखावलेला माणूस रागावून का होईना, पासबुक समोर टाकतो. आठ दिवसांनी शांतपणे तोच प्रश्न विचारला आणि पुन्हा पासबुक आलंच नाही, की मग चौथ्यांदा त्याच माणसाला विचारण्यात अर्थ नसतो.

कळल्यावर काय करायचं?

पहिल्या रागात चॅट डिलीट करणं, फोन आपटणं, सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकणं, हे तिन्ही महागात पडतं. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन, मूळ मेसेज जपलेले असणं सोयीचं ठरतं. खासगी फोटो पसरवले तर तक्रारदारच आरोपी होतो.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन जाईल, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता जास्त. पतसंस्थेतल्या ठेवींसाठी ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा आहे, ज्याखाली संचालकांची मालमत्ता जप्त करता येते. तक्रार जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे द्यायची. घरात मारहाण किंवा धमकी असेल तर ११२, महिलांसाठी १८१. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण नांदेड आणि लातूर दोन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे आणि त्याची हेल्पलाइन १५१०० आहे. महिलांना तिथं उत्पन्नाचा दाखला लागत नाही. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर टेलिमानसच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, चोवीस तास.